वेळेचा रकाना

रात्री दोनला शहर जरा गप्प बसतं, तेव्हा आमची पाळी.
सळईचं एक टोक डांबरावर, दुसरं उजव्या कानाला.
एकोणतीस वर्षं मी असा रस्त्याशी वाकून उभा,
जणू खालून कुणी काही सांगणार आहे, पण हळू.

सांगतंही.
भरलेला पाइप घुमतो, रिकामा शीळ घालतो,
फुटलेला मात्र कुजबुजतो
दार लावून भांडणाऱ्या घरासारखा.

तेजल पडवळ आली ती तीन पेट्या घेऊन,
व्हॉल्व्हला चुंबकानं चिकटणाऱ्या. मोबाइलवर हिरवी रेघ.
"केणीकाका, गळती पिठाच्या गिरणीसमोर आहे."
मी म्हटलं, तुझ्या रेघेला म्हणावं, कान दाखवून ये.
माझ्या हिशेबानं ती चाळीस पावलं खाली,
माझगावचा उतार जिथे वळतो तिथे.
दोन रात्री भांडलो.
चावीवाला इनामदार दोघांनाही हसला,
भलतीकडेच बोट दाखवून तंबाखू मळत बसला.

शेवटी मैमुनाआपांच्या दारी गेलो.
त्यांची वही, बावीस वर्षांची:
पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हंडे किती,
धार बोटाएवढी, सुतळीएवढी, सुईएवढी,
आणि कधी कधी नुसतंच "रुसलेली".
समासात दोन लग्नं, एक मयत,
नातीचा पहिला दात.

तेजल ती वही रात्रभर कॉम्प्युटरला शिकवत बसली.
सुतळी म्हणजे मिनिटाला किती लिटर?
आपा धारेखाली बोट धरून सांगायच्या.
"रुसलेली"वर मात्र दोघी बराच वेळ अडल्या.

सकाळी रेघ माझ्या बाजूला सरकली, अर्धीच.
मीही दहा पावलं मागे घेतली.
मधोमध खोदायचं ठरलं.

चार फुटांवर पाइप. बाहेरून कोरडा ठणठणीत.
लोक खिडक्यांत. मुकादमाची नजर घड्याळावर.
तेजलची मान खाली,
आणि मला माझ्या कानाची लाज
आयुष्यात पहिल्यांदा.
पण आवाज तर होता!
आणखी दोन फूट म्हटलं, माझ्या जबाबदारीवर.
दगड. मग रचलेले दगड. मग ते गोल वळत गेले.
पाणी.

इनामदारनं बाटलीत घेतलं, तपासणीचा थेंब टाकला.
नळाचं असतं तर पिवळं पडलं असतं,
क्लोरीन आपली जात लपवत नाही.
नाही पडलं पिवळं.
तसंच राहिलं, कुठल्याच बिलात नसलेलं.

तानसा, भातसा, वैतरणा,
इतक्या लांबून येणाऱ्या पाण्यासाठी
आम्ही रात्र रात्र कान लावला,
आणि पायाखाली ही,
कुणीतरी डासांच्या भीतीनं मिटवलेली,
कुणीतरी वरून रस्ता फिरवलेली.

(खरी गळती पुढच्या आठवड्यात सापडली,
इनामदारनं बोट दाखवलं होतं तिथेच.
तो ते अजून सांगतो. चहा पाजला तर दोनदा.)

मग बैठका. कॉलेजनं सांगितलं, प्यायला नाही,
धुण्याला, संडासाला, आग विझवायला चालेल.
म्हणजे तेवढे हंडे तलावांचे वाचले.
मशिदीची गच्ची आधी की शाळेची,
कुणाचं पावसाचं पाणी विहिरीत आधी उतरायचं
यावर पाऊण महिना गेला.
वाळूच्या पिंपांवर पोरांनी मासे रंगवले,
त्यांतला एक उलटा, अजून पुसलेला नाही.
तेजलच्या पेट्यांपैकी एक आता विहिरीत लोंबते,
पातळी सांगते.
मी तिला सळई धरायला शिकवली.
ती डोळे मिटते ऐकताना. मला हे कधी सुचलं नव्हतं.

परवा आपांनी वहीत नवं पान आखलं: विहीर.
तारीख लिहिली. हंडे लिहिले. धार, मनगटाएवढी.
वेळेच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"केणीभाऊ, हिची वेळ काय लिहू?"

उजवा कान हल्ली कमी ऐकतो,
असं सांगून
मी त्यांना पुन्हा विचारायला लावलं.